वसईचा तह आणि परक्या बळावरची राज्ये

वसईचा इतिहास लिहिताना लेखणी सहजच १७३९ च्या मे महिन्याकडे वळते, कारण चिमाजी अप्पांच्या फौजेने दीर्घ वेढ्यानंतर पोर्तुगीजांकडून घेतलेला हा किल्ला मराठ्यांच्या पराक्रमाची ठळक खूण आहे. त्या विजयाच्या तेजात याच किनाऱ्याशी निगडित असलेले दोन तह मात्र काहीसे मागे पडले आहेत. पहिला तह २३ जून १६६१ रोजी इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात झाला आणि त्यान्वये वसईच्या अखत्यारीतील मुंबई बेट राजकन्या कॅथरीन हिच्या आंदणात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याकडे गेले. दुसरा तह ३१ डिसेंबर १८०२ रोजी खुद्द वसईत झाला आणि त्याने पेशवा बाजीराव दुसरा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेच्या आश्रयाला गेला. दोन्ही तहांचे पक्ष वेगळे आणि प्रसंग वेगळे असले, तरी दोहोंत एक समान सूत्र आहे. आपल्या घरी राजसत्तेला कायद्याचा आणि संसदेचा लगाम घालण्याचा अभिमान बाळगणाऱ्या राष्ट्राने परमुलखातील अशा सत्तेला संरक्षणाची हमी दिली, की जिच्यावर तिच्या स्वतःच्या प्रजेचा कोणताही लगाम नव्हता. आणि ती हमी मिळाल्यावर तो लगाम पुढे निर्माण होण्याची शक्यताही क्षीण झाली.

१८०२ चे ब्रिटन आजच्या अर्थाने लोकशाही राष्ट्र नव्हते. मतदानाचा हक्क फार थोड्या पुरुषांना होता आणि १८३२ च्या सुधारणा कायद्याला अद्याप तीस वर्षे अवकाश होता. तथापि राजाला संसदेच्या संमतीशिवाय कर बसवता येत नव्हता, मंत्र्यांना कॉमन्स सभागृहात जाब द्यावा लागत होता, आणि हिंदुस्थानातील कारभाराबद्दल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर १७८८ ते १७९५ अशी सात वर्षे संसदेत महाभियोग चालला होता. त्याआधी १७८४ च्या कायद्याने संसदेने असेही जाहीर केले होते, की हिंदुस्थानात मुलूख जिंकण्याच्या आणि सत्ताविस्ताराच्या योजना ब्रिटिश राष्ट्राच्या इच्छेशी, प्रतिष्ठेशी व धोरणाशी विसंगत आहेत. मुलूख उघडपणे जिंकायचा नाही, पण वर्चस्व तर हवे, या पेचातून वाट काढण्यासाठी कंपनीच्या अधिकाऱ्यांनी जे साधन परिपूर्ण केले, ते म्हणजे तैनाती फौज. या पद्धतीत देशी राज्यकर्त्याने कंपनीची कवायती पलटणे आपल्या मुलखात कायमची ठेवून घ्यायची, त्यांच्या खर्चापोटी रोकड किंवा मुलूख तोडून द्यायचा, इतर सत्तांशी कंपनीच्या सल्ल्याशिवाय तह किंवा युद्ध करायचे नाही, आणि दरबारात कंपनीचा वकील, म्हणजे रेसिडेंट, ठेवून घ्यायचा, असा करार असे. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली याने १७९८ नंतर ही पद्धत हैदराबाद, म्हैसूर आणि अवध येथे झपाट्याने रुजवली.

पुण्याच्या दरबाराने ही फौज बराच काळ नाकारली होती. नाना फडणवीस जिवंत असेतोवर इंग्रजांशी मैत्री ठेवायची, पण त्यांचे लष्कर घरात घ्यायचे नाही, ही मर्यादा पाळली गेली. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले आणि ती मर्यादा सांभाळणारा माणूस उरला नाही. त्याआधीच, १७९८ मध्ये, दौलतराव शिंद्यांचा सासरा सर्जेराव घाटगे याने पुण्यातील सावकार आणि सधन कुटुंबांना छळून पैसा उकळला होता, आणि शिंद्यांचे देणे भागवण्यासाठी चाललेल्या या जुलमाला बाजीरावाची संमती होती. एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकर याला पुण्यात हत्तीच्या पायाखाली देण्यात आले. भावाच्या या वधाचा संताप मनात धरून यशवंतराव होळकर दक्षिणेत उतरला आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत त्याने शिंदे व पेशवे यांच्या एकत्रित सैन्याचा पराभव केला. बाजीराव आधी सिंहगडाकडे, मग महाडकडे आणि तेथून सुवर्णदुर्गाच्या आसऱ्याला गेला, आणि डिसेंबरमध्ये समुद्रमार्गे वसईला पोहोचला. साष्टी बेट १७७४ पासून इंग्रजांच्या ताब्यात असल्यामुळे वसईच्या खाडीच्या पलीकडे त्यांचीच हद्द होती. पेशव्यांच्या राज्यात राहूनही इंग्रजांच्या हाताशी असलेले वसईइतके सोयीचे ठिकाण बाजीरावाला दुसरे नव्हते.

या वेळी पुण्यात जे घडत होते, त्याकडे तहाच्या इतिहासात पुरेसे लक्ष दिले जात नाही. यशवंतरावाने बाजीरावाचा दत्तक भाऊ अमृतराव याच्याकडे कारभार सोपवून त्याचा मुलगा विनायकराव याला पेशवेपदावर बसवण्याचा घाट घातला होता. होळकरी फौजेने पुण्यात जी लूट आणि जुलूम केला, तो पाहता ही व्यवस्था प्रजेच्या कल्याणासाठी चालली होती असे म्हणता येणार नाही. पण मराठी राज्याच्या परंपरेत नालायक ठरलेल्या धन्याला बाजूला सारून त्याच घराण्यातील दुसऱ्याला पुढे करण्याचा मार्ग अस्तित्वात होता आणि तो यापूर्वी वापरलाही गेला होता. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर बाजीरावाचा पिता रघुनाथराव याला दूर ठेवून बारभाईंनी सवाई माधवरावाच्या नावाने राज्य चालवले, ते याच मार्गाने. त्या वेळीही मुंबईकर इंग्रजांनी रघुनाथरावाची बाजू घेतली होती आणि त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले होते. त्या युद्धात जनरल गॉडर्ड याने डिसेंबर १७८० मध्ये वसई जिंकली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती मराठ्यांना परत मिळाली. पित्याच्या बाबतीत जे बंदुकांच्या जोरावर साधले नव्हते, ते वीस वर्षांनी पुत्राच्या सहीने साधले.

रेसिडेंट बॅरी क्लोज आणि बाजीराव यांच्यात झालेल्या तहानुसार सहा हजारांहून कमी नाहीत इतके कवायती पायदळ आणि त्यासोबतचा तोफखाना पेशव्यांच्या राज्यात कायमचा राहणार होता. त्याच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून द्यायचा होता. इंग्रजांशी वैर असलेल्या राष्ट्रांच्या युरोपीय माणसांना चाकरीत ठेवायचे नव्हते. निजाम आणि गायकवाड यांच्यावरील दाव्यांचा निवाडा कंपनी करणार होती आणि सुरतेवरील हक्क सोडून द्यायचा होता. दोन वर्षांपूर्वी हैदराबादच्या निजामाशी झालेला तह या तहाचा नमुना होता आणि त्या नमुन्यातील दोन कलमे या विषयाच्या दृष्टीने मुळाशी जाणारी आहेत. एका कलमाने कंपनीने जाहीर केले, की निजामाची मुले, नातलग, प्रजा आणि नोकर यांच्याशी तिला काही कर्तव्य नाही आणि त्यांच्यावर त्याची सत्ता निरंकुश राहील. दुसऱ्या कलमाने शोरापूर व गदवालचे जमीनदार किंवा इतर प्रजाजन यांनी सरकारचे देणे थकवले अथवा बंड केले, तर तैनाती फौज त्यांना वठणीवर आणील, असे आश्वासन दिले. जुलूम झाला तर आपला संबंध नाही, आणि जुलमाविरुद्ध कोणी उठले तर बंदोबस्त आपण करू, असा या दोन कलमांचा एकत्र वाचल्यावर निघणारा अर्थ आहे.

आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्ध झाला, एप्रिल १८०३ मध्ये पुण्यात पोहोचला आणि १३ मे रोजी बाजीराव पुन्हा मसनदीवर बसला. अमृतरावाने इंग्रजांकडून सालिना सात लाखांची नेमणूक घेऊन माघार घेतली. त्याच वर्षी असई, अडगाव आणि गाविलगड येथे शिंदे व भोसले यांचा पराभव झाला आणि डिसेंबरातील देवगाव व सुर्जी-अंजनगावच्या तहांनी मराठ्यांच्या संयुक्त सामर्थ्याचा कणा मोडला. या लढायांचे वर्णन अनेक ग्रंथांत सविस्तर आले असल्यामुळे येथे त्याची पुनरुक्ती करण्याचे कारण नाही. लंडनमध्ये मात्र या तहावरून मतभेद झाले, ही बाब नोंदवणे अगत्याचे आहे. कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष लॉर्ड कॅसलरे याने १८०४ मध्ये असा आक्षेप घेतला, की दुबळ्या आणि कदाचित मनातून नाराज असलेल्या पेशव्याच्या आडून मराठी साम्राज्य चालवण्याचा प्रयत्न सिद्धीस जाणार नाही. आर्थर वेलस्लीने त्याला सविस्तर उत्तर दिले, यद्यपि बाजीरावाविषयी त्याचे स्वतःचे मत फार प्रतिकूल होते. या सगळ्या वादात खर्च, युद्धाचा धोका, फ्रेंचांची भीती आणि मराठी सरदारांची मनःस्थिती यांचा ऊहापोह झाला. पेशव्याच्या राज्यातील कुणब्याचे पुढे काय होईल, हा प्रश्न दोन्ही पक्षांच्या युक्तिवादात अग्रभागी कोठेच नव्हता.

कुणब्याचे जे झाले, ते पुढे इंग्रजांनीच लिहून ठेवले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८११ पासून पुण्यात रेसिडेंट होता आणि पेशवाई बुडाल्यावर त्याने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल सादर केला, त्यात बाजीरावाच्या काळातील वसुलीची पद्धत तपशिलाने आली आहे. नाना फडणवीसांच्या वेळी मामलतदार, म्हणजे परगण्याचा मुलकी अधिकारी, हा सरकारने नेमलेला असे आणि त्याच्या हिशेबावर हुजूरची नजर असे. बाजीरावाने ही जागा इजाऱ्याने, म्हणजे सर्वांत जास्त रक्कम कबूल करणाऱ्याला मक्त्याने, देण्याची पद्धत सरसकट केली. इजारदार आपला मक्ता पुढे पोटमक्त्याने दुसऱ्याला देई, आणि तो गावच्या पाटलाच्या मानेवर बसे. पाटलाने आकडा कबूल केला तर रयतेला पिळण्याला तो मोकळा होई, आणि कबूल केला नाही तर इजारदाराची माणसे स्वतः गावात उतरत. जमिनीचा कस, पिकाची स्थिती किंवा पूर्वापार धारा यांचा विचार मागे पडून कुळाकडून काय काय काढून घेता येईल, एवढ्यावरच आकारणी ठरू लागली. १८०३-०४ चा दुष्काळ आणि युद्धाची नासधूस सोसून उठू पाहणाऱ्या गावांवर हा भार पडला. गाऱ्हाणे घेऊन पुण्याला जावे, तर धन्याकडे दाद लागत नसे, कारण इजारदाराच्या पैशातला वाटा त्याच्याच खाजगी खजिन्यात येत होता.

हा जुलूम केवळ बाजीरावाच्या स्वभावातून आला, असे मानणे सोपे आहे आणि मराठी इतिहासलेखनात बाजीरावाच्या भित्रेपणावर व विलासावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. परंतु असल्या स्वभावाचे धनी पूर्वीही झाले होते आणि त्यांना आवर घालणाऱ्या गोष्टी राज्याच्या रचनेतच होत्या. पेशव्याला फौज हवी तर सरंजामदारांचे मन राखावे लागे. सरंजाम म्हणजे लष्करी चाकरीच्या बदल्यात तोडून दिलेल्या मुलखाचा महसूल, आणि तो खाणारा सरदार रुसला तर रणात धनी एकटा पडे. पैसा हवा तर सावकाराचा विश्वास लागे, आणि वसूल हवा तर गाव नांदते ठेवावे लागे, कारण जाच असह्य झाला की रयत गाव सोडून शेजारच्या जहागिरीत जाई आणि जमीन पडीक राही. वसईच्या तहाने या परस्परावलंबनाची मुख्य गाठ कापली. शिरूरला कंपनीची छावणी पडल्यावर बाजीरावाला आपल्या सरदारांची गरज उरली नाही. १८१२ मध्ये एल्फिन्स्टनच्या मध्यस्थीने पंढरपूर येथे पटवर्धन आणि इतर दक्षिणी जहागीरदारांशी जो ठराव झाला, त्यात त्यांना जहागिरीची हमी मिळाली खरी, पण धनी आणि सरदार यांच्यातील प्रत्येक तंटा यापुढे रेसिडेंटच्या दाराशी जाणार, हेही त्याने निश्चित केले.

या पद्धतीचे सर्वांत भेदक विश्लेषण कंपनीच्याच सेवेतील टॉमस मन्रो याने केले. १२ ऑगस्ट १८१७ रोजी गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याला लिहिलेल्या पत्रात त्याचे म्हणणे असे होते, की तैनाती फौज जेथे जाते तेथील सरकार दुबळे आणि जुलमी होते, वरच्या वर्गातील स्वाभिमान विझतो आणि सगळी प्रजा दरिद्री बनते. हिंदुस्थानात वाईट राज्यावरचा नेहमीचा इलाज म्हणजे राजवाड्यातील शांत फेरबदल, प्रजेचे बंड किंवा परचक्र. ब्रिटिश फौज राजाचे घरच्या व बाहेरच्या प्रत्येक शत्रूपासून रक्षण करून हे तिन्ही इलाज बंद करते. परक्यांवर भिस्त ठेवायला शिकून राजा आळशी होतो, आणि प्रजेच्या द्वेषाला भिण्याचे कारण नाही हे उमजून तो क्रूर व लोभी होतो. मन्रो साम्राज्याचा विरोधक नव्हता. कंपनीच्या राज्यविस्तारात त्याचा स्वतःचा मोठा हात होता. म्हणूनच त्याची साक्ष अधिक मोलाची आहे. त्याचे निदान पेशवे, निजाम आणि म्हैसूर यांच्या अनुभवावरून झाले असले, तरी बाह्य संरक्षणावर उभ्या असलेल्या कोणत्याही अनियंत्रित सत्तेला ते लागू पडते, आणि वसईच्या तहाचे खरे महत्त्व येथेच आहे. मराठ्यांचे स्वातंत्र्य या तहाने गेले, हे शाळेच्या पुस्तकातही असते. राज्यकर्त्याला आपल्या प्रजेची गरज उरली नाही, हा त्याचा दुसरा आणि तितकाच दारुण परिणाम आहे.

कंपनीने बाजीरावाविरुद्ध शेवटी हत्यार उपसले, ते रयतेसाठी नव्हे. गायकवाडांचा वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन हा इंग्रजांच्या हमीवर पुण्याला आला होता आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्याचा खून झाला. बाजीरावाचा मर्जीतील कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर संशय येताच एल्फिन्स्टनने त्याला मागून घेऊन ठाण्याच्या किल्ल्यात कैद केले. बारा वर्षे इजाऱ्याखाली दबलेल्या गावांच्या गाऱ्हाण्यांनी जी हालचाल झाली नव्हती, ती आपल्या हमीचा भंग झाल्याबरोबर काही आठवड्यांत झाली. जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने उत्तर कोकण कंपनीकडे गेले आणि त्यासोबत वसईही गेली. नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, आणि १८१८ मध्ये शरण आलेला बाजीराव सालिना आठ लाखांच्या पेन्शनीवर बिठूरला जाऊन १८५१ पर्यंत जगला.

१६६१ च्या तहाचा प्रवास याहून लांबचा आहे. त्याच्या एका गुप्त कलमाने इंग्लंडने पोर्तुगालच्या सर्व वसाहतींचे आजच्या आणि उद्याच्या शत्रूंपासून रक्षण करण्याचे वचन दिले होते. १७३९ मध्ये वसईला वेढा पडला, तेव्हा या वचनाची मोठी कसोटी लागली आणि त्यात ते उतरले नाही. मुंबईकर इंग्रजांनी सैन्य पाठवले नाही, आणि चर्चची चांदीची भांडी व पितळी तोफा तारण ठेवून घेऊन पंधरा हजार रुपये तेवढे कर्जाऊ दिले. पण न पाळलेले वचन रद्दही झाले नाही. १८९९ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांनी जुन्या तहांना पुन्हा दुजोरा दिला, आणि ज्या काळात पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक मोडून हुकूमशाही आली, त्या काळातही ही मैत्री अबाधित राहिली.

आंतोनियो द ऑलिव्हेरा सालाझार १९३२ मध्ये पोर्तुगालचा पंतप्रधान झाला आणि १९३३ च्या राज्यघटनेने त्याने 'एस्तादो नोव्हो', म्हणजे नवे राज्य, या नावाची एकाधिकारशाही उभी केली. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी, विरोधी पक्षांना मज्जाव आणि पुढे 'पिडे' या नावाने कुप्रसिद्ध झालेले गुप्त पोलीस खाते, ही तिची अंगे होती. गोव्यात तर सार्वजनिक सभेलाही परवानगी लागे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात ही बंदी मोडली, तेव्हा गोव्याच्या नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीला नवे वळण लागले. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात पाठवले. याच पोर्तुगालने ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये नाटो, म्हणजे उत्तर अटलांटिक करार संघटना, हिच्या स्थापनेच्या करारावर सही केली, आणि त्या कराराच्या प्रास्ताविकात लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य व कायद्याचे राज्य यांच्या रक्षणाची प्रतिज्ञा होती. अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांवर अमेरिकेला विमानतळ हवा होता आणि तो सालाझारच्या हाती होता. त्या गरजेपुढे प्रास्ताविकातील शब्दांना वजन उरले नाही.

या पाठबळाचा अर्थ महाराष्ट्राला १९५५ मध्ये स्पष्ट कळला. त्या वर्षी ना. ग. गोरे, सेनापती बापट आणि त्यांच्यामागून शेकडो सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी केलेल्या गोळीबारात वीसहून अधिक माणसे मारली गेली. त्यानंतर चार महिनेही झाले नव्हते, तोच २ डिसेंबर रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पावलो कुन्हा यांनी संयुक्त निवेदन काढले. त्यात पूर्वेकडील पोर्तुगीज 'प्रांतां'विषयी सोव्हिएत नेत्यांनी भारतात केलेल्या विधानांचा निषेध होता. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच प्रांत आहे, हा सालाझारचा दावा त्या एका शब्दातून वॉशिंग्टनने उचलून धरला होता, आणि काही दिवसांनी पत्रकार परिषदेत डलेस यांनी त्याला दुजोरा दिला. स्वतः वसाहतीच्या बंधनातून लढून मुक्त झालेल्या देशाच्या परराष्ट्रमंत्र्याने हे म्हणावे, याचा भारतात सर्व पक्षांत संताप उसळला.

सालाझारच्या प्रचाराचा एक आधार असा होता, की गोव्याची कॅथलिक संस्कृती पोर्तुगीज छत्राखालीच सुरक्षित राहील. या दाव्याचे उत्तर वसईच्या उत्तरेकडील गावांनी दोनशे वर्षे आधीच दिले होते. १७३९ नंतर येथील पोर्तुगीज सरदार आणि अधिकारी निघून गेले, पण गिरीज, पापडी, निर्मळ, आगाशी या पट्ट्यातील ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी आपल्या जागी राहिले. त्यांनी मराठ्यांच्या, मग इंग्रजांच्या आणि मग भारतीय प्रजासत्ताकाच्या राज्यात आपली श्रद्धा जपली आणि सामवेदीसारखी आपली मराठी बोलीही जपली. गोव्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय वादात वसईचा हा पुरावा जितका पुढे यायला हवा होता, तितका आला नाही.

आजच्या पालघर जिल्ह्याला लागून असलेल्या दादरा आणि नगर हवेलीचा प्रश्न तर थेट पेशव्यांच्या दफ्तरापर्यंत पोहोचला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आझाद गोमंतक दल आणि इतर संघटनांच्या स्वयंसेवकांनी, ज्यांत संगीतकार सुधीर फडके हेही होते, हे मुलूख मुक्त केले. पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि १७७९ मध्ये पेशव्यांशी झालेल्या तहाचा आधार घेतला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की मराठ्यांनी पोर्तुगीजांना या गावांचा सरंजाम, म्हणजे केवळ महसूल, दिला होता, सार्वभौमत्व दिले नव्हते. पोर्तुगालच्या सार्वभौमत्वाला मान्यता मिळाली, ती पुढे ब्रिटिशांनी तिला कधी हरकत घेतली नाही म्हणून. एका परक्या सत्तेने दुसऱ्या परक्या सत्तेकडे केलेला काणाडोळा शतकभरात हक्काचे रूप घेतो, हे या निकालाइतके स्पष्ट क्वचितच दिसते. तरीही सैन्य किंवा सशस्त्र पोलीस भारताच्या हद्दीतून नेण्याचा हक्क पोर्तुगालला नव्हता, असा निर्णय न्यायालयाने दिला आणि मुक्त मुलूख मुक्तच राहिला.

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा सालाझारने ब्रिटनला जुन्या तहांची आठवण करून दिली. ब्रिटनने लष्करी मदत नाकारली, परंतु सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मिळून भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव मांडला. सात मते ठरावाच्या बाजूने पडली. श्रीलंका, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक आणि सोव्हिएत संघ हे चार देश विरोधात राहिले, आणि सोव्हिएत नकाराधिकारामुळे ठराव फेटाळला गेला. सोव्हिएत संघाने पाच वर्षांपूर्वी हंगेरीत रणगाडे घातले होते, हे विसरून त्याच्या मताला नैतिक उंची देणे योग्य होणार नाही. तथापि लोकशाहीचे नाव घेणारी राष्ट्रे त्या रात्री ज्या बाजूला उभी होती, ती बाजू हुकूमशहाची होती, आणि त्या हुकूमशहाची सत्ता टिकण्याची किंमत गोव्याबाहेरही मोजली जात होती. अंगोलात त्याच वर्षी युद्ध सुरू झाले होते. प्रारंभी केनेडी सरकारने संयुक्त राष्ट्रांत पोर्तुगालविरुद्ध मत दिले, पण अझोर्सच्या तळाची मुदत १९६२ मध्ये संपत आली, तसा तो विरोध सौम्य होत गेला. नाटोकडून मिळालेली सामग्री आफ्रिकेतील युद्धांत वापरली जात राहिली.

स्वतः पोर्तुगीज जनतेलाही या मैत्रीचा लाभ झाला नाही. वॉशिंग्टनमध्ये नाटोच्या लष्करी कामावर असताना लोकशाहीकडे वळलेले जनरल उम्बेर्तो देल्गादो यांनी १९५८ ची अध्यक्षपदाची निवडणूक सालाझारच्या उमेदवाराविरुद्ध लढवली, त्यांना देश सोडावा लागला, आणि १९६५ मध्ये 'पिडे'ने स्पेनच्या हद्दीत त्यांची हत्या केली. सांगलीचे मोहन रानडे, ज्यांना १९५५ मध्ये गोव्यात पकडून पुढे लिस्बनजवळच्या काशियस किल्ल्यात ठेवले होते, ते गोवा मुक्त झाल्यानंतरही सात वर्षे त्या तुरुंगातच होते आणि जानेवारी १९६९ मध्ये सुटले. पोर्तुगालची हुकूमशाही २५ एप्रिल १९७४ रोजी उलथली, ती तिच्याच सैन्यातील तरुण अधिकाऱ्यांनी उलथली. आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला नव्या पोर्तुगीज सरकारने दिल्लीत करार करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली हे भारताचे भाग असल्याचे मान्य केले.